निवटी पाह्यली का?

हा माणूस तुमच्या ओळखीत आहेच. तुमच्याकडचा दुबईहून परतला असेल, आमचा उरणहून. जामसांवलीच्या आमच्या काकाजींनी उरणला चौदा वर्षं काढली आणि येताना आणली एक वीतभर मासोळी, तीही तोंडात. समुद्र इथून कुठल्याही दिशेनं शेकडो कोस. काकाजींच्या बोलण्यात मात्र कायम ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला आणि त्यावर निवट्या उड्या मारताहेत.

"निवटी पाह्यली का?" हाच त्यांचा रामराम.

संत्र्याचा भाव पडला म्हणून एक बागवाला डोकं धरून बसला होता. "निवटी पाह्यली का? पाणी हटलं तरी थे रडत नाही. गालफडात घोटभर पाणी धरते, ओल्या कातड्यानं श्वास घेते, चिखलावरचं शेवाळ खरवडत फिरते." बागवाल्यानं गालफडात खर्रा धरला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटे सुटत होते. काकाजी लांब उभे राहून मला समजावत होते, की निवटीचे नरही हद्दीसाठी भांडतात, पाठीवरचा पर उभारतात, एकमेकांवर तोंड वासतात, "पण गोटा नाही मारत, बापा!"

भाचीला पाहायला आलेल्या मुलाचे डोळे अंमळ बाहेर होते. काकाजी हरखले. "निवटीचे असेच! डोक्यावर बसवलेले. सुकले की खोबणीत ओढून ओले करते." तरी लग्न जमलं. निवटी म्हणजे काय, हे मुलाकडच्यांना ठाऊक नव्हतं.

काकाजींना एकदाच कोणी अडवलं, तेही एका ढीवरानं. "आमची मरळ बी हवा घेते, काकाजी." "घेते. पण पुढच्या परांचे कोपर टेकवून चालते का?" पंधरा दिवस दोघं बोलत नव्हते.

परवा शनिवारी देवळाच्या रांगेत माझ्यामागे नेमके काकाजीच. पिंपळाखाली हनुमानजी निजलेले, आणि हा माणूस दर्शनाच्या रांगेत मासोळीचं बाळंतपण सांगतोय! "अंडी बिळात, वर चिकटवलेली. बिळातल्या पाण्यात हवा नसते. मंग बाप वर येते, तोंडात हवा भरते, खाली नेऊन सोडते. फेऱ्यावर फेऱ्या."

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "काकाजी, उरणला तुम्ही करत काय होता?"

"टिपरवर होतो."

"माल कोणता?"

"मुरूम."

१९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. मग गोदामं आली, रस्ते आले, खाडीकाठच्या चिखलावर भराव पडत गेला. हे मला वाचून माहीत होतं. काकाजींकडे पाहून कधी आठवलं नव्हतं.

"दिवसाच्या बारा फेऱ्या," ते म्हणाले. रांग दोन पावलं सरकली, ते सरकले नाहीत. "वरून मुरूम पडला, त बाप हवा कुठून आणते?"

मागच्यांनी ढकललं. घंटा वाजत होत्या. काकाजी गप्प. या माणसानं गप्प बसावं म्हणून मी याच देवाला नारळ बोललो होतो, आणि आता ते सहन होईना. पुढे नागपूरचं एक पोरगं बापाच्या खांद्यावर कंटाळून पेंगत होतं. मी काकाजींना कोपरानं ढोसलं.

"काकाजी, यानं निवटी पाह्यली नसंन."