वेफर्स कुणाचे हो?

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा कुंपणापाशी. लांबून ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. आमच्या सासूबाई ओसरीतच बसल्यात, आणि त्यांना कामाचं ऐकू येत नसलं तरी असलं काही बरोबर ऐकू येतं.

काल अक्कांकडं भिशी होती की. तुम्ही नव्हता, म्हणून तर सांगायलेय. चिठ्ठी निघाली, पैसे मोजून झाले, चहा आला आणि चहासोबत वाट्यांमधून केळीचे वेफर्स. पिवळेधम्मक, वर मिरपुडीचे ठिपके. आपल्या बँकवाल्या काकू... हो हो, त्याच. मिस्टर कधीचे रिटायर झाले तरी अजून ‘आमच्या ब्रँचला’ म्हणतात त्या. त्यांनी पहिली वाटी संपवली, दुसरी मागून घेतली. दुसरी अर्ध्यावर आली तेव्हा म्हणतात, "अक्का, क्वालिटी आहे हो. तेलकट अजिबात नाही. जळगावचे का?"

आता बघा. अर्धापुरात बसायचं, जिच्या घरी केळीची बाग तिच्याच दिवाणावर बसायचं, आणि विचारायचं जळगावचे का! अक्कांचं नाक फुगलंच. म्हणाल्या, "जळगावचे कशाला? आपल्याच बागेतली केळी. विहाराच्या गल्लीतली ती पोरगी करते की."

वहिनी, काकूंचा हात वाटीत गेलेला, तो तिथंच राहिला. वर येईना, बाहेर निघेना. मग हळूच बोटं झटकली, वाटी खाली ठेवली आणि म्हणतात कशा, "पोट भरलं बाई. हल्ली तळलेलं झेपत नाही मला." दीड वाटी खाऊन झाल्यावर झेपेना!

कुणी काही बोललं नाही. जी ती आपापल्या वाटीत बघायलेली. तेवढ्यात आपल्या डॉक्टरीणबाईंनी एक वेफर उचलला आणि कुर्रर्र करून खाल्ला. मुद्दाम. मला तर पदर तोंडाला लावावा लागला.

ती पोरगी तुम्हाला माहितीये की. सकाळी स्कूटीवर पुढं कच्च्या केळीचा घड घेऊन जाते ती. मी एकदा मुद्दाम डोकावून आले तिच्याकडं. म्हणजे मला तेल-मीठ बघायचं होतं, बाकी काही नाही. आधी हाताला तेल चोळते, नाहीतर चीक चिकटतो आणि हात काळे पडतात. मग सोललेली केळी किसणीवर धरून थेट कढईतच पाडते, उकळत्या तेलात. आणि गंमत म्हणजे मीठ वरून नाहीच. मिठाचं नि हळदीचं पाणी चमच्यानं तेलातच सोडते. असं तडतडतं की मी दोन पावलं मागं सरले. ती हसली नुसती. कढई स्वच्छ, फरशी स्वच्छ, केसांना टोपी. आपल्या हलवायाकडं कधी बघितलीत टोपी?

तर काय सांगत होते... हां, प्रदर्शन! खरी बातमी तीच आहे. पोरगी पुण्याला चाललीय. त्यांच्या समाजातल्या उद्योजकांचं प्रदर्शन भरणारेय, तिथं तिला स्टॉल मिळालाय. दिवसा स्टॉल, रात्री गाणी. अक्कांनी हे कौतुकानं सांगितलं आणि काकूंना तेवढंच निमित्त झालं. म्हणाल्या, "आता धंद्यातसुद्धा जात आणली का? माल चांगला असला की खपतो आपोआप. त्याला वेगळं प्रदर्शन कशाला?"

आणि त्यावर मास्तरीणबाई. वहिनी, त्या कधी बोलत नाहीत. भिशीचे पैसे देतात, चहा पितात, जातात. काल त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि अगदी शांतपणे विचारलं, "माल चांगला होता ना काकू? मग वाटी खाली का ठेवलीत?"

अगं माय! काकूंचा चेहरा असा उतरला...

बरं, मास्तरीणबाई तिथं थांबल्या असत्या तर गोष्ट संपली असती. पण गप्प बसणारं माणूस एकदा बोलायला लागलं की धरण फुटतं. म्हणाल्या, बाबासाहेबांपेक्षा चांगला माल कुणाकडं होता? कोलंबियात शिकलेले, लंडनला जाऊन आलेले, अर्थशास्त्रातले एवढे मोठे विद्वान. बडोद्याची नोकरी सोडावी लागली, मुंबईत आले आणि शेअरबाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला द्यायचा व्यवसाय काढला. गिऱ्हाईकं यायलाही लागली. मग कळलं, सल्ला देणारा माणूस कोण आहे ते. झालं! गिऱ्हाईकं बंद, व्यवसाय बंद. पुढं १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. "तुमचं ते आपोआप खपणं," मास्तरीणबाई म्हणाल्या, "तिथं कुठं गेलं होतं?"

आता शेअरचा सल्ला म्हणजे काही खायची वस्तू नाही हो. त्याचा विटाळ कसला? पण झाला की.

काकूंनी विषय बदलायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, ही सगळी पुण्या-मुंबईची फॅशन आहे, आपल्याकडं असलं काही नव्हतं. तर अक्काच उसळल्या. म्हणे, फॅशन काढणारा माणूस आपल्याकडचाच आहे! मिलिंद कांबळे, लातूर जिल्ह्यातल्या चोबळीचे, मास्तरांचा मुलगा, आणि सिव्हिलचा डिप्लोमा कुठला? आपल्या नांदेडच्या पॉलिटेक्निकचा. पुण्यात जाऊन बांधकामाच्या धंद्यात शिरले, आणि २००५ मध्ये त्यांनी ती डिक्की काढली. तसं हसू नका, गाडीची नाही. दलित उद्योजकांचं चेंबर ऑफ कॉमर्स. २०१० च्या जूनमध्ये पुण्यात प्रदर्शन भरवलं, २०११ च्या डिसेंबरात मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. २०१३ ला पद्मश्री. अक्कांना सगळं तोंडपाठ. मला आधी नवल वाटलं, मग आठवलं, अक्कांचा भाचा त्याच पॉलिटेक्निकला आहे. नांदेडचं कुणीही मोठं झालं की अक्का ते घरातलंच धरतात.

आणि त्याच वर्षी पद्मश्री मिळाली त्या कल्पना सरोज. त्यांचं नाव निघाल्यावर तर सगळ्या बायका पुढं सरकल्या. अकोल्याकडच्या रोपरखेड्याच्या. वडील पोलिसात हवालदार, बाराव्या वर्षी लग्न लावून मुंबईला पाठवलेली पोर. सासरी इतका छळ की बापानं परत आणली. पुन्हा मुंबई गाठली ती होजियरीच्या कारखान्यात कामाला. आणि शेवटी बंद पडलेली, कर्जात बुडालेली कमानी ट्यूब्ज हातात घेऊन उभी केली. कामगार स्वतः आले होते त्यांच्याकडं, तुम्हीच वाचवा म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, तांब्याच्या नळीला कुणी विचारत नाही, तुला कुणी घडवलं." सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत.

खरंच आहे ते. आपली केळी ट्रक भरभरून उत्तरेकडं जातात. तिकडचा व्यापारी फणी बघतो, साल बघतो, वजन बघतो. बाग कुणाची हे कधी विचारतो? जात लांबून दिसत नाही वहिनी. कुंपणाएवढ्या अंतरावर आली की मग बरोबर दिसते.

तर काय सांगत होते... सरकारचं! धंद्याचा विषय निघालाच होता, म्हणून मास्तरीणबाईंनी तेही सांगून टाकलं. २०१२ पासून केंद्राचा नियम आहे, सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या एकूण खरेदीतली ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या छोट्या उद्योजकांकडून करायची. काकू लगेच, "आरक्षण!" मास्तरीणबाई म्हणतात, "नोकरी नाही मागत हो कुणी. माल घ्या म्हणतात, आणि मालाचे पैसे द्या."

ही कल्पना अमेरिकेकडून आलेली, म्हणाल्या. तिथं काळ्या लोकांच्या कंपन्यांकडून सरकार नि मोठ्या कंपन्या माल घेतात, १९६९ मध्ये निक्सननं त्यासाठी ऑफिसच काढलं होतं. तिथंही असेच मेळे भरतात म्हणे. एकीकडं काळ्या दुकानदारांचे स्टॉल, एकीकडं खाणं, मध्ये गाणं-बजावणं. मास्तरीणबाईंना हे सगळं कसं ठाऊक? अहो, त्या लातूरच्या शाहू कॉलेजच्या. जनार्दन वाघमारे सर तिथं प्राचार्य होते ना, जे पुढं आपल्या नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्य-संस्कृतीवर अख्खं पुस्तक लिहिलंय मराठीत. इकडं मराठवाड्यात बसून! आणि त्यांच्याही आधी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी उठवणाऱ्यांनाच. १८७३ साली.

बायकांना पुस्तकात रस नव्हता, पण मास्तरीणबाईंनी सांगितलेली तिकडची मॅडम वॉकर आवडली. तिचे आईबाप गुलाम होते, ही गुलामी उठल्यावर जन्मलेली. लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. स्वतःचे केस गळायला लागले म्हणून औषधी मलम करायला लागली, आणि ते विकून गर्भश्रीमंतांच्या शेजारी बंगला बांधला! विकायला कोण? घरोघर जाणाऱ्या बायकाच. अक्का म्हणाल्या, "म्हणजे बचत गटच की हा." आणि लगेच विचारलं, "त्या मलमात काय घालायची?" अक्कांच्या भांगाकडं बघून कुणी काही बोललं नाही...

पण मग मास्तरीणबाईंनी टल्साचं सांगितलं. ओक्लाहोमा राज्यातलं गाव. तिथं काळ्यांची एक भरभराटीची पेठ होती, दुकानं, हॉटेलं, सिनेमाघर, डॉक्टर, वकील. १९२१ मध्ये गोऱ्यांच्या जमावानं पेठच्या पेठ जाळली. दोन दिवसांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाप रे, असंही करतात लोक?"

त्यावर कुणीच बोललं नाही. ज्या साठीच्या पुढच्या होत्या, त्यांनी तर मानाच खाली घातल्या. १९७८ आठवलं असणार हो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्याच जिल्ह्यात वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे... जाऊ द्या. भिशीत त्या गोष्टी कुणी काढत नाही. कुंपणावरही नाही काढत आपण. ज्यांचं घर जळलं त्यांची नातवंडं आज कढई ठेवून उभी आहेत, एवढंच मी म्हणेन.

तर काय सांगत होते... हां, गाणी. काकूंनी शेवटचा बाण तोच काढला. "आणि ते रात्रीचं गाणं-बजावणं? डीजेचा धिंगाणा नुसता!" मास्तरीणबाईंनी विचारलं, "तुमच्याकडं पहाटे विठ्ठलाची गाणी लागतात ती कुणाची हो?" सगळ्या गल्लीला माहितीये कुणाची. प्रल्हाद शिंदेंची! काकूंच्या मिस्टरांना त्यांच्याशिवाय चहा गोड लागत नाही. तेच प्रल्हाद शिंदे बाबासाहेबांची गाणी गायचे, कव्वाल्या गायचे, आणि आनंद-मिलिंद शिंदे ही त्यांचीच मुलं. वामनदादा कर्डकांनी तर गावोगाव हिंडून माणसं जागी केली गाण्यानं. "कानाला चालतं," मास्तरीणबाई म्हणाल्या, "जिभेलाच तेवढं चालत नाही."

काकूंनी पर्स उचलली. चप्पल घालताना पुटपुटल्या, "आम्ही काही तसलं मानत नाही."

आता खरी आतली गोष्ट सांगते, कुणाला बोलू नका. त्या पोरीला पाकिटाच्या छपाईवेळी एकानं सल्ला दिला होता. आडनाव काढ म्हणे, एखाद्या देवाचं नाव टाक, नाहीतर ‘गृह उद्योग’ एवढंच ठेव. माल दुप्पट खपेल. तिनं काय केलं असेल? आडनाव मोठ्या अक्षरात, खाली गाव अर्धापूर, खाली मोबाइल नंबर. म्हणते, "मावशी, लोक शेवटी शोधून काढतातच. मग मीच सांगते की. ज्याला घ्यायचं तो घेईल."

आणि वहिनी, तिथं माझी पंचाईत झाली बघा. कुणी नवीन माणूस गल्लीत आलं की आपण कसं गोड बोलून, गाव विचारून, पाहुणे विचारून शेवटी आडनावापर्यंत पोचतो. तेवढाच तर विरंगुळा. इथं पाकिटावरच छापलेलं! विचारायचं काय? कुजबुजायचं काय? मला वाटतं त्या प्रदर्शनाचं तेच आहे. जे सगळे दाराआड विचारतात, ते यांनी कमानीवरच लिहून टाकलं. आता ज्याला लाज वाटायची त्याला वाटो, स्टॉलवाल्यांना नाही वाटत.

बरं, पुढचं ऐका. अक्कांच्या लेकीचं डोहाळजेवण आहे येत्या रविवारी. पाच किलो वेफर्सची ऑर्डर दिलीय अक्कांनी, आणि पाकिटं फोडायची नाहीत म्हणाल्यात, प्रत्येकीच्या पानाशेजारी अख्खं पाकीट, आडनाव वर करून. काकूंना आमंत्रण गेलंय. न येऊन सांगतात कुणाला, अक्कांच्या जाऊबाईंच्या त्या सख्ख्या मावसबहीण! मी तर ठरवलंय, पान त्यांच्या बरोबर समोर धरायचं. तुम्ही लवकर या, तुमच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवते.