ताटाची डावी बाजू

मराठी ताटाची डावी बाजू हिशेबात धरत नाहीत. भाजी, आमटी, पोळी, भात म्हणजे जेवण. मीठ, चटणी, लोणचं, पापड हे नुसतं तोंडी लावणं. पोळ्या किती खाल्ल्या हे माणूस सांगतो, पण पापड किती खाल्ले असं विचारणं असभ्यपणाचं. पोटाचंही तेच. ‘खात्यापित्या घरचा’ म्हटलं की विषय मिटतो. माझ्या पँटचा नंबर लग्नात होता तोच आहे. पँट तेवढी बेंबीखाली सरकली आहे.

आमच्या डॉक्टरांनी मात्र दोन्ही गोष्टी धरल्या. रक्तदाब १५०/९६ निघाला. आठवड्यानं पुन्हा मोजला तरी आकडा जागचा हलला नाही. मग त्यांनी टेप काढली.

‘‘श्वास सोडा.’’

‘‘सोडलाय.’’

‘‘अहो, पोटही सोडा.’’

भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणे, बाईची ८० च्या. माझी टेप ती वेस कधीच ओलांडून पुढच्या गावाला निघाली होती.

पोटावरची चरबी म्हणजे घरजावई, असं वैद्यकशास्त्रही बराच काळ मानत होतं: खाऊन पडून राहणारा, निरुपद्रवी. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूनं लेप्टिन शोधलं आणि कळलं, की जावईबापू आतल्या खोलीतून सगळीकडे हुकूम सोडत असतात. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघणारं संप्रेरक. ‘साठा पुरेसा आहे, आता पुरे’ असं मेंदूला कळवणं हे त्याचं काम. चरबी वाढते तसं लेप्टिन वाढतं, पण रोजचीच आरडाओरड म्हणून मेंदू ‘पुरे’कडे काणाडोळा करू लागतो. गंमत अशी, की त्याच लेप्टिनचा दुसरा हुकूम मात्र बिनबोभाट पाळला जातो. संकटात धावपळ करायला लावणारी जी मज्जासंस्था आहे, ती त्यामुळे जागी राहते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मूत्रपिंडं मीठ अडवून बसतात. म्हणजे भूक थांबत नाही आणि दाब वाढतो.

एवढ्यावर भागत नाही. चरबी अँजिओटेन्सिनोजेन नावाचा कच्चा मालही पुरवते. त्यापासून बनणारं अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि अल्डोस्टेरॉनला उठवतं. ते पुन्हा मूत्रपिंडांना सांगतं, मीठ सोडू नका. पोट सुटलेल्यांच्या रक्तात इन्शुलिनही बहुधा चढंच असतं. त्याचाही सल्ला तोच. आणि मूत्रपिंडांनी असा मिठाचा साठा करायला घेतला, की पुरवठ्याला आमची डावी बाजू तत्पर!

आमची ही गणितात पक्की. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम चमचाभर. हिनं ओट्यापाशी उभ्या उभ्या हिशेब मांडला, ‘‘अहो, दोन माणसांना दहा ग्रॅम. किलोची पिशवी शंभर दिवस पुरायला हवी. आपल्या वाण्याच्या यादीत ती दर महिन्याला असते. लोणच्यातलं, फरसाणातलं, पावातलं मीठ निराळंच.’’ पापडात तर मिठाच्या जोडीला पापडखार, म्हणजे पुन्हा सोडियमच. मी सैंधवाचं नाव काढून पाहिलं. ‘‘तेही मीठच,’’ ती म्हणाली आणि बरणी वरच्या फळीवर गेली.

शेजारी एक काडीपैलवान गृहस्थ आहेत. मला पाहून ते फार समाधानानं पापड मोडतात. त्यांना मी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट ऐकवली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२! बारीक दिसणाऱ्या भारतीयाकडेही जावई लपून राहिलेला असू शकतो. शेजाऱ्यांनी अर्धा पापड खाली ठेवला. उरलेला अर्धा तोंडात होता, त्याला इलाज नव्हता.

आता सकाळी एक गोळी, संध्याकाळी चालणं. एक किलो वजन उतरलं की वरचा आकडाही साधारण एकानं उतरतो, असा ढोबळ हिशेब डॉक्टरांनी दिलाय. डाव्या बाजूला बिनमिठाची काकडी, लिंबू आणि केळं आलं. केळं, पालेभाज्या, डाळी यांतलं पोटॅशियम मिठाला बाहेरची वाट दाखवतं. (मूत्रपिंडं अधू असतील त्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावं.) आठवडाभर आमटी पाण्यासारखी लागली. मग जीभ मुकाट्यानं वळणावर आली. परवा बाहेरचं सांबार खाल्लं, तर समुद्रात तोंड बुडवल्यासारखं वाटलं.

गेल्या लग्नात पंगतीला बसलो. मीठ नको म्हटलं, लोणचं नको म्हटलं, पापडावर आडवा हात धरला. वाढपी चक्रावला. ‘‘काका, जेवायलाच बसलाय ना?’’ मग त्याचा चेहरा उजळला. ‘‘मग जिलबी घ्या की चार. तिच्यात मीठ नसतं!’’

‘‘ती मला नाही, जावयाला लागते,’’ मी म्हणालो.

‘‘मग बांधून देऊ?’’

‘‘नको रे. तो बरोबरच आलाय.’’