खांब आमचा, बर्फ त्यांचा

फेब्रुवारी २०१९. शिवाजी पार्कात पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली होती. नेहमीचा कट्टा सोडून मी खांबाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन उभा होतो. एक परदेशी मुलगा आला. खांबाला नमस्कार केला, उडी घेतली, मांड्यांची पकड बसली न बसली तोच एरंडेलावरून सरकत खाली. पुन्हा चढला. शेजारचे आजोबा म्हणाले, "अहो, याची पकडच बसत नाही. जागतिक स्पर्धेला कशाला आणलाय?" त्यांच्या सौभाग्यवती लगेच म्हणाल्या, "मग बसायची कधी? आपलीच पोरं बघायची तर रोज संध्याकाळी येतोच की आपण!"

माझं म्हणणं त्या बाईंनी तिथेच सांगून टाकलं.

त्या दोन दिवसांत १५ देशांचे खेळाडू पार्कात आले होते. सांघिक निकाल लागला तेव्हा भारताचे गुण २४४, दुसऱ्या आलेल्या सिंगापूरचे ४४, तिसऱ्या मलेशियाचे ३०. आधी क्रमवारी लावून वरचेच घ्यायचं ठरवलं असतं, तर भारताविरुद्ध भारत खेळला असता आणि त्याला आपण जागतिक म्हटलं असतं. उदय देशपांडे सरांसारख्यांनी वर्षानुवर्षं परदेशी मुलांना हा खेळ शिकवला, समर्थ व्यायाम मंदिराचं अंगण उघडं ठेवलं, म्हणून ते ४४ आणि ३० तरी दिसले.

आता बर्फाकडे या. ल्यूजमध्ये उताणं झोपून पाय पुढे ठेवून घसरायचं, स्केलेटनमध्ये पालथं, डोकं पुढे. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर. त्यासाठी लागणाऱ्या गोठवलेल्या वाटा अख्ख्या जगात वीसच्या आत. आफ्रिकेत एक नाही, भारतात एक नाही. तरीही ऑलिंपिकची जागा ठरते ती याच वाटांवर मोसमभर शर्यती खेळून मिळवलेल्या गुणांवर. घानाचा अक्वासी फ्रिम्पाँग आणि नायजेरियाची सिमिडेले अडिअग्बो २०१८ ला स्केलेटनमध्ये उतरले, कारण तेव्हा खंडाच्या प्रतिनिधीसाठी जागा राखलेली होती. २०२२ च्या बीजिंगसाठी ती जागा काढून टाकली. पुरुष २५, महिला २५, सगळं क्रमवारीवर. स्त्री-पुरुषांच्या जागा सारख्या केल्या हे उत्तमच झालं. पण ती बरोबरी साधताना आफ्रिकेची खुर्ची का उचलली, याचं पटणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आपल्याकडचा माणूस मनालीजवळचा. शिवा केशवन १९९८ ला नागानोच्या ऑलिंपिकमध्ये ल्यूजला उतरला तेव्हा १६ वर्षांचा होता. स्लेज उसनी, क्रमांक २८ वा. तिथून २०१८ पर्यंत ओळीने सहा हिवाळी ऑलिंपिक. सराव कुठे? स्लेजला चाकं लावून हिमाचलच्या घाटरस्त्यावर, ट्रक आणि मेंढ्यांच्या कळपांमधून. आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदकं आणली. पहिल्याच वेळी "आधी क्रमवारीत वर ये" म्हणून त्याला परत पाठवलं असतं, तर पुढची वीस वर्षं झालीच नसती.

यावर सुरक्षिततेचा मुद्दा निघतो. तो खरा आहे, झटकून टाकू नये. २०१० ला व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी जॉर्जियाचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली सरावात वाटेबाहेर फेकला गेला आणि दगावला. २१ वर्षांचा मुलगा. नंतर त्या वळणाची भिंत वाढवली, सुरुवात खाली आणली. यजमानांनी पाहुण्या संघांना त्या वाटेवर पुरेसा सराव करू दिला नाही, ही तक्रार तर अपघाताच्या आधीपासून होती. म्हणजे वाट दुरुस्त करायची असते आणि सराव द्यायचा असतो. लहान देशाला दाराबाहेर ठेवून कोणाचा जीव वाचतो?

त्यामुळे मागणी अगदी साधी आहे. वेगाची आणि कौशल्याची किमान अट ठेवा, ती कडक ठेवा, त्यात सवलत नको. ती अट पार करणारा खेळाडू ज्या खंडाकडे आहे, त्या खंडाला एक पुरुष, एक महिला अशी जागा द्या. आणि ऑलिंपिकआधीच्या मोसमात यजमानाच्या वाटेवर सगळ्यांना सारख्याच फेऱ्या मिळू द्या. पदकाच्या दावेदाराचं यात काहीही जात नाही. जात असेल तर चोविसाव्या-पंचविसाव्या क्रमांकाच्या एखाद्याचं. त्याचं दुःख मला कळतं. तरी मी घानाच्याच बाजूने उभा राहीन.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. मल्लखांब ऑलिंपिकला जावा म्हणून दादरपासून अमरावतीपर्यंत माणसं झटतायत. उद्या तो गेला तर वरच्या जागा सगळ्या आपल्याच असतील, आणि नियम लिहिणारेही आपणच असू. तेव्हा मलेशियाच्या ३० गुणांना आणि त्या घसरून पुन्हा चढणाऱ्या मुलाला जागा राखणारं कलम आजच लिहून ठेवावं, पात्रतेच्या पहिल्याच पानावर.