फ्लेक्सच्या हाताने वेबचे चित्र: नवशिक्यांसाठी

आधी दुकानाचे शटर अर्धे खाली ओढा. पूर्ण उघडे ठेवले तर खुर्चीमागे तात्या, तात्यांचा पुतण्या आणि पुतण्याचा मित्र येऊन उभे राहतात, आणि तिघांनाही लोगो जरा मोठा हवा असतो.

सॉफ्टवेअरचा प्रश्न किरकोळ आहे. बारामती ते इंदापूर फ्लेक्सच्या दुकानात शिरलात की कोरल दिसते. 1989 पासूनचे खोड आहे ते. कुठली आवृत्ती आहे हे विचारू नये, पावती आहे का हे तर मुळीच नको. नवशिक्याने इंकस्केप घ्यावे. ते 2003 पासून फुकट मिळते. फुकट आहे हे मात्र गिऱ्हाइकाला सांगू नये, ते तुमचाही दर त्याच हिशेबाने लावते.

सरावासाठी रोहित पक्षी घ्या. भिगवणजवळ कुंभारगावला, उजनीच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात ते येतात. तिथल्या एखाद्या नाववाल्याला वेबसाइटसाठी चिन्ह हवे आहे असे धरू. पेन टूल उचला आणि मान काढा. नवशिका मानेवर बारा ठिकाणी क्लिक करतो आणि पक्षी हाडवैद्याकडून नुकताच परत आल्यासारखा दिसतो. सगळे पुसा. एक नोड, म्हणजे क्लिकचा ठिपका, डोक्याशी, एक छातीशी, बस्स. पहिल्याचे हँडल, म्हणजे नोडमधून निघणारी दांडी, रेघेच्या डावीकडे ओढा, दुसऱ्याचे उजवीकडे. मधली रेघ आपणहून दुहेरी वळण घेते. हँडल लांब केले की मान डौलदार होते, आखूड केले की बदक. दोन नोडमध्ये मान जमेपर्यंत पायांकडे वळू नका.

ही हिकमत मोटारीच्या कारखान्यातली आहे. रेनॉल्टचे इंजिनिअर पिअर बेझिए यांनी 1960 च्या दशकात पत्र्याची वळणे गणितात बसवली. सित्रोएनच्या पॉल द कास्तेल्जो यांना ती त्याआधीच सापडली होती, पण कंपनीने ती कुलपात ठेवली, म्हणून रेघेला नाव बेझिएचे पडले. आपल्या बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात. रस्त्यात आपे आडवी आली तर शिव्या देण्याआधी तिच्या नाकाचे वळण बघा आणि ते किती नोडमध्ये बसेल याचा अंदाज बांधा. अभ्यास फुकट होतो, रक्तदाबही ठीक राहतो.

आता आळशी लोकांची वाट. गिऱ्हाईक जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवते. तो चार ग्रुप फिरून आलेला असतो आणि कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा असतो. तुम्ही ट्रेसचे बटण दाबता. कार्डाची घडी, चहाचा डाग आणि अंगठ्याची सावली हे सगळे इमानेइतबारे वेक्टर, म्हणजे रेघांचे चित्र, होते, हजारो नोडांसकट. त्याहून हुशार मंडळी फोटो तसाच आत टाकून फाइल एसव्हीजी म्हणून साठवतात. एसव्हीजी म्हणजे शेवटी मजकूरच, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. तिच्यात कोंबलेला फोटो अक्षरांत लिहिला जातो आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. पान उघडेपर्यंत भिगवणची एसटी सुटते.

खरी अडचण सवयीची आहे. दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर मध्ये उत्सवमूर्ती, वर नेते उतरत्या क्रमाने, खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. ही रचना आपल्या हातात मुरलेली आहे. ब्राउझरच्या टॅबवर चिन्हाला जागा मिळते 16 बाय 16 पिक्सेल, तिथे शुभेच्छुक म्हणजे अर्धा ठिपकाही नाही. म्हणून काढून टाकत चला. लाटा काढा, नाव काढा, वल्हे काढा. नाववाला म्हणेल, ‘‘सूर्य तेवढा ऱ्हाऊ द्या की दादा.’’ सूर्यही काढा. मान, चोच आणि एक गुलाबी रंग उरला की काम झाले. रंग आरजीबीत ठेवा. छपाईच्या सीएमवायकेत केलेला गुलाबी स्क्रीनवर धुतल्यासारखा दिसतो.

अक्षरांपाशी सावकाश. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधले मराठी दुकानात छान दिसते, पण वेबवर तो फॉन्ट नसला की त्याच ओळीची इंग्रजी भेळ होते. युनिकोड वापरा. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ फुकट आहे आणि देखणा आहे. परीक्षा आषाढीआधी होते. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते आणि गावोगावी स्वागताची चित्रे लागतात. त्यात ‘वारकर्यांचे’ असे लिहिलेले दिसले की समजावे, दुकानदाराला अर्धा र मिळाला नाही. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. झाले ‘ऱ्या’चे अर्धे काम, काना तुम्ही द्या. अक्षरे कर्व्ह करायची असतील तर आधी एक प्रत बाजूला ठेवा, कारण नाववाल्याच्या मेहुण्याला आद्याक्षर चुकल्याचे रात्री अकरा वाजता कळते.

फाइल सोपवताना एसव्हीजी वेबसाइटवाल्याला द्या आणि पीएनजी मालकाला. मालकाला एसव्हीजी पाठवली तर ‘उघडत न्हाय’ असा निरोप येतो. पीएनजी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की पारदर्शक पार्श्वभूमी जाते आणि रोहित डब्यात बसतो.

एवढे झाले की मालक फोनवर चिन्ह बोटांनी मोठे करून बघतो, खूश होतो आणि विचारतो, ‘‘ह्याचंच दहा बाय पंधरा निघंल का?’’ निघेल. वेक्टर आहे, एकही रेघ फाटणार नाही. तसे सांगा, आणि वर नेत्यांसाठी किती जागा सोडायची तेही त्याच वेळी विचारून घ्या.