डॉट देव, उतरत्या भावात

आमचं आडनाव देव. 2019 च्या सुरुवातीला गूगलने ‘डॉट डेव्ह’ हे वेब-पत्त्याचं नवं एक्स्टेन्शन विक्रीला काढलं. ते सॉफ्टवेअरवाल्यांसाठी आहे, असं मुलगा म्हणाला. पण रोमन लिपीत ते आमच्या आडनावासारखंच लिहितात, तेव्हा उशिरा का होईना आमची दखल घेतली गेली असं मी धरून चाललो. एका कंपनीच्या साइटवर ‘प्री-रजिस्ट्रेशन’चं बटण होतं. ते दाबलं, पैसे भरले आणि पेढे आणले.

प्री-रजिस्ट्रेशन म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे, हे पेढे संपल्यावर कळलं. पंगतीत जेवणाऱ्याच्या पाटामागे उभं राहायचं, तसला तो प्रकार. पहिल्या पंगतीला ट्रेडमार्कवाले. या काळाला ‘सनराइज’ म्हणतात आणि तो नियमानेच किमान तीस दिवस चालतो. एवढा लांबलेला सूर्योदय ध्रुवाखेरीज कुठे होत नसावा. आडनाव चार पिढ्या वापरात आहे, हा पुरावा तिथे चालत नाही.

युरोपात लोक हुशार निघाले. ‘डॉट ईयू’च्या सनराइजमध्ये डोमेनला न चालणारी चिन्हं ट्रेडमार्कमधून गाळायची मुभा होती. एकाने स्वीडनमध्ये ‘रायफेन’ या शब्दाच्या प्रत्येक अक्षराच्या अलीकडे-पलीकडे ‘अँड’चं चिन्ह घालून ट्रेडमार्क घेतला, चिन्हं गाळली आणि नाव खिशात घातलं. जर्मनमध्ये रायफेन म्हणजे टायर. ट्रेडमार्क मात्र सीट बेल्टचा. 2010 मध्ये युरोपीय न्यायालयाने याला बदहेतू ठरवण्याची वाट मोकळी केली. मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं.

दुसरी पंगत ‘अर्ली ॲक्सेस’ची. पहिल्या दिवशी नेहमीच्या दरावर सुमारे साडेअकरा हजार डॉलर जादा, म्हणजे तेव्हाचे आठेक लाख रुपये. मग दर टप्प्याटप्प्याने खाली. मंडईत रात्री मेथीची जुडी स्वस्त होते, कारण मेथी सुकते. डोमेन सुकत नाही. सुकतो तो वाट पाहणारा. आपल्याकडे दर रात्री साडेनऊला उतरायचा. मी जेवण आटोपून भाव बघायचो आणि ‘उद्या’ म्हणून झोपायचो. “अहो, एवढं लक्ष शेअरकडे दिलं असतंत तर!” असं ही एकदा म्हणाली.

28 फेब्रुवारीला सर्वांसाठी खुलं होणार होतं, बारा-पंधरा डॉलरच्या आसपास. आदल्या रात्री माझं नाव कुणीतरी नेलं. कंपनीने पैसे परत केले. बँकेत नव्हे, तिच्याच वॉलेटमध्ये, पुढच्या प्री-रजिस्ट्रेशनसाठी.

आता नव्या एक्स्टेन्शनांच्या 2026 च्या फेरीत स्वतःचं एक्स्टेन्शनच मागता येतं. अर्जाची फी 2,27,000 डॉलर. देव कुलाच्या ग्रुपवर मी वर्गणीचा विषय काढला. पैशांबद्दल अद्याप कुणी काही बोललेलं नाही. पण सनराइजमध्ये आधी थोरली पाती की धाकटी, यावरून दोन काका ग्रुप सोडून गेले आहेत.