मारतहळ्ळीचे अस्सलकर

जोडसुट्टीच्या पहिल्या सकाळी बंगळुरूत मारतहळ्ळीच्या पुलापाशी आउटर रिंग रोडवर गाड्या तुंबतात, त्यांत एक गाडी हमखास अस्सलकरांची असते. मूळ आडनाव काहीही असो. पुणे, नाशिक किंवा डोंबिवलीहून आयटीच्या नोकरीसाठी आलेल्या आणि जोडून सुट्टी मिळाली की कूर्ग गाठणाऱ्या या गृहस्थांना दुसरं नाव शोभत नाही. "या खेपेला फक्त लोकल खायचं, आणि तेही जिथे टुरिस्ट जात नाहीत तिथे," हे त्यांनी घरात बजावलेलं असतं. डिकीत मात्र बाकरवडी, दाण्याची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि एक छोटा राइस कुकर असतो, "असू दे, वेळेला बरं." या डिकीवरून त्यांची थट्टा करणं सोपं आहे, पण ती अन्यायाची होईल. परमुलखात शिदोरी नेणं हा गुन्हा नव्हे. अस्सलकरांची खरी गफलत वेगळीच आहे. ते पदार्थाचा पत्ता शोधतात आणि त्याची तिथी विसरतात.

वाटेतच पाहा. मार्च 2023 मध्ये बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचं उद्घाटन झालं आणि अस्सलकरांना कोण आनंद झाला. या रस्त्याने बिडदी, रामनगर, मद्दूर, मंड्या ही गावं बाजूला टाकली. बिडदीची ताटलीएवढी तट्टे इडली आणि मद्दूरचा रवा, तांदळाचं पीठ नि कांद्याचा कुरकुरीत वडा यांना त्या त्या गावाचं नाव आहे, आणि ते जुन्या रस्त्यावर सकाळी सकाळी आयते मिळतात. पण तिथे थांबलं तर कूर्गमधल्या मडिकेरीला पोचायला उशीर होईल आणि लोकल नाश्ता हुकेल, असा अस्सलकरांचा हिशेब. म्हणून ते ताशी शंभरच्या वेगाने दोन लोकल नाश्ते मागे टाकतात आणि मग एखाद्या फूड कोर्टात पनीर रोल खातात.

मडिकेरीत शोधमोहीम सुरू होते. काउंटरवर ते हिंदीत विचारतात, "इथलं लोकल काय?" कन्नडमधलं त्यांचं एकमेव वाक्य "कन्नड गोत्तिल्ला" हे असल्याने संवाद तिथून पुढे सरकत नाही. वेटर बिचारा स्वतःच दूरच्या राज्यातून पोटासाठी आलेला. तो प्रामाणिकपणे नॉर्थ इंडियन थाळी सुचवतो. शेवटी पंदी करी येते. डुकराच्या मांसाचा जवळजवळ काळा रस्सा, सोबत कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे. रश्श्याचा तो रंग आणि आंबटपणा येतो कच्चंपुळीमुळे. एका आंबट फळाचा रस आटवून आटवून ती काकवीसारखी दाट करतात, आणि ते झाड आपल्या कोकमाच्या कुळातलं. कोकणाशी असलेलं हे नातं अस्सलकरांनी जिभेवर ओळखायला हवं. पण ते तेव्हा फोटोसाठी उजेडाची बाजू शोधत असतात.

आता तिथीचं बोलू. पंदी करी-कडंबुट्टू हा बेत खरा रंगतो तो सप्टेंबरच्या सुरुवातीला, कूर्गच्या कोडवा समाजाच्या कैलपोढ सणाला. भाताची लावणी आटोपलेली असते, शस्त्रांची पूजा होते. नव्या भाताचा पुत्तरी सण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो. कक्कड महिन्यात, ऑगस्टच्या सुरुवातीला, मद्दु तोप्पु नावाच्या पाल्याचा जांभळा अर्क काढून त्याचं पायस करतात. त्या महिन्याच्या अठराव्या दिवशी पाल्यात औषधी गुण एकवटतात अशी समजूत आहे. बांबूचे कोंब आणि रानातली अळंबी पावसाळ्यातली. अस्सलकरांचं पंचांग मात्र एचआर विभागाने पाठवलेलं असतं. 26 जानेवारीला ते कोंबांची भाजी मागतात, आणि नाही म्हटलं की "कूर्ग आता कमर्शियल झालं" असा शेरा मारून तीन तारे देतात. याच गृहस्थांना कुणी जून महिन्यात गुळाची पोळी मागितली, तर ते त्याला संक्रांत कधी असते यावर व्याख्यान देतील.

यावर ते म्हणतील, रजा कंपनी देते, कैलपोढ पाहून नव्हे. खरं आहे. पण मग जो महिना मिळाला त्या महिन्याचं खावं. दुसरा आक्षेप शाकाहारी अस्सलकरांचा: पंदी करीच्या गावात आम्ही काय खावं? तांदळाच्या शेवयांसारखं नूलपुट्टू, दूध-खोबऱ्याचं पापुट्टू, तांदळाची भाकरी म्हणजे अक्की ओट्टी. तांदूळ आणि नारळ यांना तिथे तोटा नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे: होमस्टेत तरी घरचं मिळायला हवं ना? हवं. पण आदल्या रात्री फोनवरून "मुलांसाठी चपाती आणि कमी तिखट पनीर" कुणी सांगितलेलं असतं? घरमालकीण पाहुण्याचं ऐकते आणि अस्सलकरांना त्यांच्याच मागणीचं जेवण वाढते.

त्यांच्या शोधातल्या गफलतीचा आणखी एक पुरावा घराजवळच आहे. मारतहळ्ळी-मुन्नेकोळाल भागात, फॅक्टरी आउटलेटच्या पाट्या आणि पीजींच्या गर्दीतही, नाचणीचा मुद्दे, म्हणजे उकडीचा गोळा, आणि सारु, म्हणजे पातळ आमटी, देणारी जेवणघरं सापडतात. मुद्दे चावायचा नाही, तोडून सारात बुडवून गिळायचा, हे तिथे शेजारच्या टेबलाकडे पाहून कळतं. शहरात पलीकडे जयनगरला शिवाजी मिलिटरी हॉटेलात पानांच्या द्रोणातली बिर्याणी आहे. पण ही ठिकाणं रोजची असल्यामुळे अस्सलकरांच्या यादीत बसत नाहीत. लोकल म्हणजे अडीचशे किलोमीटर लांब, अशी त्यांची व्याख्या पक्की झाली आहे.

तरीही त्यांना मोडीत काढू नये. त्यांच्यासारखे हौशी नसते, तर पंदी करी कोडवांच्या घराबाहेर फारशी पोचली नसती. त्यांनी फक्त प्रश्न बदलावा. "इथलं लोकल काय?" याऐवजी "आज तुमच्या घरी काय शिजलंय?" असं विचारावं. उत्तर बहुधा "अन्न-सारु", म्हणजे आमटी-भात, असं येईल. ते निमूट जेवून, फोटो न काढता पुन्हा भात मागणारा अस्सलकर मडिकेरीच्या एखाद्या स्वयंपाकघराला नक्की लक्षात राहील. डिकीतली दाण्याची चटणीही तिथे बाहेर काढायला हरकत नाही. घरमालकीणबाईंनाही लोकल खायची हौस असू शकते.