वितळतार-स्थाननिर्णय

एकादशी लागोपाठ दोन दिवस आली तर कोणती धरावी, श्राद्धाची तिथी कोणती मानावी, असले शेकडो पेच कमलाकरभट्टांनी १६१२ साली 'निर्णयसिंधू'त सोडवून ठेवले. फ्यूज कुठे बसवावा, हे मात्र त्यात नाही. ती उणीव इथे भरून काढतो.

हे काम बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत बसून करण्याला कारण आहे. इथल्या केदारेश्वर मंदिराच्या भिंतीवर असते ती सुरसुंदरी. तसलाच कोरीव दगड किल्ल्याच्या तटात गेला की नुसता चिरा. वस्तूची योग्यता जागेवर ठरते, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय परळीचे औष्णिक वीजकेंद्र आमच्या शेजारचे, त्यामुळे लाईट जाण्याबद्दल बोलायचा आमचा अधिकारही जुना.

आधी व्याख्या. वितळतार म्हणजे स्वतः जळून पुढच्याला जळू न देणारी तार. 'पुढच्याला' या शब्दावर भाष्यकाराने अडून बसावे, कारण फ्यूजच्या मागची तार अनाथच राहते. म्हणून घरच्या इन्व्हर्टरचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला अगदी खेटून हवा. १२ व्होल्ट म्हटले की लोक हसतात, पण १५० अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाली तर हजारावर अँपिअर ओकते. हा निर्णय सोपा आहे, म्हणून इथेच सोडतो.

खरे रण माजते सोलर पंपावर. मामांच्या विहिरीवर तो बसला आहे. पॅनेलची डीसी वीज घ्यायची आणि तिची तीन फेजची एसी करून मोटरीला द्यायची, हे काम भिंतीवरचा डबा करतो.

पूर्वपक्ष म्हणतो, फ्यूज पॅनेलच्या तोंडाशी घाला, उगमालाच बांध. ऐकायला छान. पण पॅनेल शॉर्ट केले तरी रोजच्यापेक्षा जेमतेम पाच-दहा टक्के जास्त प्रवाह देते. रोज नऊ अँपिअर देणारे साडेनऊ देईल. त्यावर पंधराचा फ्यूज उडणार कसा? सूर्य चिडतच नाही. पॅनेलच्या तीन-चार माळा समांतर असल्या, तर बिघडलेल्या माळेत बाकीच्यांची वीज उलटी घुसते आणि फ्यूजला काम मिळते. मामांकडे माळ एकच. एकुलत्या माळेला फ्यूज म्हणजे एकुलत्या मुलासाठी वाटणीपत्र. त्यात कोणी एसीचा फ्यूज डीसीला लावला, तर आणखी पंचाईत. एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, तेवढ्यात ठिणगी विझते. डीसीला शून्य माहीत नाही. तार वितळते आणि तरी जाळाच्या रूपाने वीज वाहत राहते.

उत्तरपक्ष डब्यात शिरतो. धोका सूर्याचा नसून कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेचा आहे, तेव्हा फ्यूज कपॅसिटर आणि वीज झपाट्याने चालू-बंद करणारी आयजीबीटी यांच्यामध्ये हवा, असे तो म्हणतो. इथे मौज आहे. आयजीबीटी शॉर्ट सर्किट सोसते साधारण दहा मायक्रोसेकंद. फ्यूज चांदीच्या पट्टीचा असो, क्वार्ट्झच्या वाळूत पुरलेला असो, तो येतो मांडव उतरवायच्या वेळी. मग कशाला घालायचा? आयजीबीटी तर गेलेलीच असते, निदान डबा फुटू नये म्हणून. आणि ही सेवा फुकट नाही. फ्यूजमुळे विजेची वाट लांबते, इंडक्टन्स वाढतो आणि आयजीबीटी बंद होताना दर वेळी व्होल्टेज उसळी मारते. एखाद्या दिवशी येणाऱ्या संकटासाठी ठेवलेला राखणदार रोजच धक्के देतो. तेव्हा शॉर्ट ओळखून आयजीबीटी तत्काळ बंद करणारे सर्किट वापरावे आणि फ्यूज त्या गल्लीबाहेर ठेवावा, असे माझे मत.

मेन लाईनच्या एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरचा वाद किरकोळ आहे. डायोड सहा, फेज तीन. फेजमधून डायोडच्या १.४१ पट प्रवाह जातो. फेजवर तीन जाड फ्यूज घ्या नाहीतर डायोडवर सहा बारीक. हा प्रश्न खिशाचा.

एवढे सगळे मी मामांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "ह्यातला अंधारात हाताला कोणता लागतो?"

या कसोटीचा ग्रंथात विचारच झाला नव्हता. मामा मला जुन्या विजेच्या मोटरीच्या पेटीपाशी घेऊन गेले. तीन किटकॅट फ्यूज, बरोबर छातीच्या उंचीवर. शेजारी खिळ्याला गुंडाळलेली जादा तार. जागेला नाव ठेवायला जागा नव्हती. तार तेवढी मोजली: तांब्याची, एक मिलिमीटर. विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात मांडलेल्या सूत्राने ती सुमारे ८० अँपिअरला वितळते. मोटर पाच एचपीची, घेते साडेसात.

"बसवल्यापासून एकदाही उडाला नाही," मामा म्हणाले.